यंदा मागाला कुंकू कोणी लावलं

प्रिय आप्पा,

हाताची हळद अजून गेलेली नाही, तोवरच लिहायला बसलेय. आज खंडेनवमी. गेल्या वर्षी तुम्ही गेल्याच्या दुःखात पूजा राहून गेली, त्यामुळे तुमच्यामागं आपल्या साड्यांच्या मागाची ही पहिलीच. ती कशी झाली हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. एवढी मजा दुसऱ्या कुणाला सांगू?

आधी आपलं जुनं भांडण. आठवतं? कॉलेजात विज्ञान शिकून मी नवीनच शहाणी झाले होते. तुम्ही रोज सकाळी मागाला कपाळ टेकायचा, आणि शंकरकाकांनी दारात बांधलेलं लिंबू मात्र सोडून आईला सरबताला द्यायचा. मी म्हणाले, "आप्पा, दोन्ही अंधश्रद्धाच की."

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "वाकलो की सैल पट्टा दिसतोय, निघालेला खिळा दिसतोय. लिंबू बांधल्यावर कोण वाकून बघतंय गं?"

आता सांबऱ्याच्या शाळेत शिकवताना मुलं श्रद्धा आणि अंधश्रद्धेतला फरक विचारतात, तेव्हा पुस्तक मिटून तुमचं हेच सांगते. त्यांच्या लक्षात सरबतच जास्त राहतं, ते सोडा.

पण आप्पा, थोडं रागवायचंही आहे. आत्या वर्षभर आपल्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिच्या बोटांतून दोरा गेल्याशिवाय आपली एक साडी झाली नाही. आणि खंडेनवमीला ती विधवा म्हणून उंबऱ्याबाहेर उभी. तुम्हाला सैल पट्टा दिसायचा, मग सख्खी बहीण कशी दिसली नाही हो? मला त्याचा राग अजून येतो.

यंदा ती पाळी आईवर आली. सकाळी काका म्हणाले, "वैनी, तुमी बाजूला ऱ्हावा. शेजारच्या काकूंना बोलावलंय, सवाष्णीच्या हातानं होऊ दे. मागाला बरं न्हाय."

आई ताट घेऊन तशीच उभी. आज ही मागं सरली तर पुन्हा कधी मागावर बसणार नाही, हे मला कळत होतं.

मग आई शांतपणे म्हणाली, "भावजी, रोज माझाच हात लागतोय की त्याला. आजच कसा बाधंल?" आणि उंबऱ्याकडं जाऊन तिनं आत्याचा हात धरला. आत्या "नको गं, नको गं" म्हणत होती, पण पाय आतच येत होते. दोघींनी मिळून कुंकू लावलं.

आणि ऐका, आत्या तुमच्यासारखीच खाली वाकली. वाकूनच काकांना म्हणाली, "सैल झालाय की रं पट्टा. पाना आण जा."

काका गुमान पाना आणायला गेले! शेजारच्या काकूंना हसू आवरेना, त्यांनीच नारळ फोडला. आई किती दिवसांनी हसली, आप्पा. तुम्ही बघायला हवं होतं.

उद्या दसऱ्याला माग सुरू होईल. पहिली साडी आत्याची, हे ठरलंय. रंग कुठला, विचारलं. जन्मभर सगळ्या रंगांच्या कांड्या भरून ही नेसली फिकटच. आधी कांड्यांच्या टोपलीत चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "डाळिंबी."

माझा शब्द घ्या आप्पा, पुढच्या खंडेनवमीला आत्या तीच साडी नेसून मागाला पहिलं कुंकू लावेल. उंबऱ्याबाहेर कुणी नसेल.

तुमची भांडखोर,
सुमी