व्याह्यांच्या दर्यात आमचा गळ

मुक्काम देवगडच्या पुढं, शुक्रवार

प्रिय मेव्हणे संगमेश्वर अप्पा यांस घाटनांदूरच्या सिद्धेश्वरचा शरणू शरणार्थ. तुमची तब्येत, तुमच्या मातोश्रींचा गुडघा आणि तुमचा ट्रॅक्टर तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. माझं उत्तम चाललंय. पायाचा अंगठा खेकड्यानं धरला होता, तो त्यानं आपणहून सोडला. टोपी समुद्रात गेली, ती काही परत यायची नाही. तरी हे पत्र जरा उभं राहून वाचा, कारण तुमच्या दाजीनं समुद्र जिंकला आहे.

मी इकडं कशाला आलो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगितल्याशिवाय पत्राला गोडी येत नाही. तुमची भाची शिवगंगा पुण्यात नोकरीला लागली आणि तिथंच तिनं कोकणातला नवरा पसंत केला. (आपण लिंगायत, ते मासेखाऊ. तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता, ते मी विसरलो आहे.) लग्नानंतर नोकरी सोडून पोर इकडं सासरी राहायला आली, ती एकदाही माहेरी आली नाही. व्याही भिकाजीराव माणूस वाईट नाही, पण न्यायचा विषय काढला की पुढच्या महिन्यात म्हणतात, आणि त्यांचा पुढचा महिना काही उजाडत नाही. घरी तुमची अक्का रोज दाराकडं बघते. म्हणून शिवरात्रीसाठी लेकीला घेऊनच यायचं, असं ठरवून मी निघालो.

पहिल्याच दिवशी जेवताना भिकाजीराव म्हणाले, तुमच्या बीडकडे पाणी म्हणजे टँकरचाच ना. मला ते लागलं. मी आपल्या विहिरीचं असं वर्णन केलं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. काळंभोर पाणी, खोल तळ, आणि त्यात पडलेली बादली आम्ही चार आकड्यांचा गळ सोडून नुसत्या बोटांच्या अंदाजानं वर काढतो, हेही सांगितलं. भिकाजीराव ऐकून घेऊन म्हणाले, "पाव्हण्यांनू, ती तुमची बाव, हो दर्या. होडीत न बसता, खडकावर उभे ऱ्हवान एक बांगडो काढा. काढलात तर सुनेक उद्या घेऊन जावा. नाय तर पावसाळ्यानंतर बघू." शिवगंगा भाकरी वाढत होती, तिचा हात तिथंच थांबला. मी म्हणालो, "काढतो की. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे ते सकाळी कळलं. ज्यानं जन्मात बांगडा जेवायच्या ताटात पाहिला नाही, त्यानं तो पाण्यात ओळखायचा. (पकडणं म्हणजे खाणं नव्हे, असं मी मनाला समजावलं. मन फारसं समजलं नाही.) खडकावर शेवाळ इतकं की मी उभा कमी आणि बसलेला जास्त. आमिष म्हणून ज्वारीची भाकरी लावली, ती मासे खाऊन गेले. मग शेंगदाण्याची चटणी लावली, तर तिकडं कोणी फिरकलंच नाही. टोपी गेली ती इथं, खेकडा भेटला तोही इथंच. गावातली पोरंटोरं सोडा, बायकासुद्धा टोपल्या खाली ठेवून बघायला उभ्या. शिवगंगा येऊन हळूच म्हणाली, "आप्पा, लई झालं, चला घरी. मी येईन पावसाळ्यानंतर." मेव्हणे, ते ऐकून मला खरंच रडू आलं. लेकीनं बापाची लाज राखायला स्वतःचं माहेर सोडावं, याहून मोठी हार कुठली?

डोळे पुसायला खिशातला रुमाल ओढला, तर त्याबरोबर शांपूच्या पुड्या बाहेर आल्या. (आपल्या किराणा दुकानात आता सगळं पुडीत येतं. तेल पुडीत, चहा पुडीत, उद्या नवरदेवही पुडीत येईल. तुमच्या भाचीला म्हणून चार आणल्या होत्या.) एक पुडी पाण्यात पडली, चकाकत खाली चालली, आणि खालून काळसर पाठीची अख्खी वरात तिच्याकडं वळली. तिथं माझ्यातला दुकानदार जागा झाला. माल आत असो नसो, गिऱ्हाईक चकाकीला येतं. हे तर मी गेली चार-पाच वर्षं गल्ल्यावर बसून बघतोय. मी उरलेल्या पुड्या फाडल्या, चंदेरी पट्ट्या केल्या, आपल्या विहिरीच्या गळासारखे एका दोरीला पाच आकडे बांधले, प्रत्येकाला एक पट्टी, खाली दगड. सोडली दोरी, आणि बादली चाचपतात तशी वर-खाली हलवत राहिलो.

दोरी एकदम जड झाली. मी ओढलं, ओढता ओढता पुन्हा बसलो, पण दोरी सोडली नाही. वर आले ते एक नव्हे, चार बांगडे, पाचव्या आकड्यावर माझी टोपी असती तर सोन्याहून पिवळं झालं असतं. भिकाजीरावांनी तिथंच हात जोडले. म्हणाले, होडीतल्या माणसालाही असा माल एका झटक्यात मिळत नाही. आणि शिवगंगा? ती बॅग भरायला घराकडं अशी पळाली, जशी लहानपणी शाळा सुटल्यावर पळायची. मी कमरेपर्यंत भिजलेला, अंगठा सुजलेला, पण त्या क्षणी माझ्याएवढा सुखी बाप अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. कळावे.

आपला विजयी दाजी,
सिद्धेश्वर

ता. क. अक्काला वाचून दाखवताना जिथं बांगडा येईल तिथं कळशी वाचा. एका दोरीला चार कळशा कशा, असं विचारलं तर कोकणात येतात म्हणा. खाल्ला मात्र नाही, कपिलधारची शपथ. विहीणबाईंनी मला वेगळं पिठलं केलं.

दुसरा ता. क. भिकाजीरावही आमच्याबरोबर येताहेत. ज्या विहिरीनं अशी बोटं घडवली ती बघायचीच, म्हणतात. विहीर सांगितल्यासारखी निघाली तर सून महिनाभर राहील, नाहीतर त्याच गाडीनं त्यांच्याबरोबर परत. आपल्या विहिरीत दिवाळीपासून पारवे राहतात, हे मी बोललो नाही. इथला एसटीडी बंद आहे, म्हणून हे पत्र; आम्ही वाटेत देवदर्शन करत आठवड्यानं पोहोचू, त्याआधी ते तुम्हाला मिळेलच. मिळताक्षणी ट्रॅक्टरला टँकर जोडा, आधी पारव्यांना उठवा, मग विहिरीत पाणी सोडा, जितक्या खेपा होतील तितक्या. एक जुनी बादलीही आत टाका.

तिसरा ता. क. अक्काला कठड्याजवळच उभी ठेवा. विहिरीत पडलेली बादली काढता येते ती आपल्या घरात तिला एकटीलाच.