अन्यत्र म्हणजे कुठे

बाबा, सोसायटीने एक फॉर्म दिला आहे आणि तो भरता भरता मी तुमच्यापाशी येऊन अडकले. कोपरखैरण्याची आपली बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, तोवर सगळ्यांनी दुसरीकडे राहायचं. फॉर्मच्या तिसऱ्या ओळीत छापलंय, 'स्थलांतराचे ठिकाण'. मी 'कामोठे, मुलाकडे' लिहिलं आणि पेन तसंच हातात राहिलं. सेक्रेटरी जिन्यातून ओरडून विचारतात, "मॅडम, शिफ्टिंग कधी?" समोरची म्हणते, "आम्ही पुढच्या रविवारी हलतोय." आई असती तर म्हणाली असती, बिऱ्हाड उचलायचंय. गोष्ट एकच, पण प्रत्येक शब्दात जाणारं माणूस थोडं निराळं दिसतं. शिफ्ट होणाऱ्याच्या मागे टेम्पो उभा असतो. बिऱ्हाड उचलतात तेव्हा आधी पोळपाट आणि तवा दिसतो. स्थलांतर करणारं माणूस मात्र मला डोळ्यांपुढे आणताच येत नाही. म्हणून तुम्ही नसलात तरी तुम्हालाच विचारावंसं वाटलं. हा शब्द तुमच्या रोजच्या कामातला होता.

आपण ठाण्याला राहत होतो तेव्हाची गोष्ट. तुम्ही जमिनींच्या ऑफिसात मराठी मसुदे लिहायचात, आणि कुठलीही नोटीस साहेबांकडे जाण्याआधी आपल्या स्वयंपाकघरातून जायची. आई पोळ्या लाटत असायची, तुम्ही पाटावर बसून मोठ्याने वाचायचात. पहिल्या वाचनात तिला कळली तर पास. नाही कळली तर ती लाटणं थांबवायची आणि तुम्ही खोडायला लागायचात. सातवी पास बाईला कळलं ते गावात कळणार, हा तुमचा हिशेब. त्या संध्याकाळची नोटीस खाडीकडच्या गावांसाठी होती. शेतं सरकारजमा होणार, शेतावरची खोपटी काढून रहिवाशांनी अन्यत्र स्थलांतर करावे. आईचं लाटणं थांबलं.

"अन्यत्र म्हणजे कुठे हो?"

"अगं, दुसरीकडे."

"ते कळलं मला. दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"ते साहेबांनी सांगितलेलं नाही."

"मग विचारा की उद्या. बाई भांडी बांधून बसेल, पोरं विचारतील कुठे जायचं, ती काय सांगेल?"

मी चौथीत होते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरने नुकतंच शिकवलेलं डोक्यात ताजं होतं. मी मधेच म्हटलं, "बाबा, स्थलांतर म्हणजे मायग्रेशन. पक्षी करतात ते!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पक्ष्यांना नोटीस जात नाही." आवाज चढवला नव्हता, तरी मला रडू आलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जाडजूड शब्दकोश घेऊन आलात. तो अजून माझ्याकडे आहे. काल काढून पाहिला. 'एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे', बस एवढंच. माणूस आपल्या पायांनी गेला की कोणी उठवलं म्हणून गेला, याचा त्यात पत्ता नाही.

त्यानंतर ती नोटीस मी पुन्हा ऐकली नाही. एकदा नापास झालेला मसुदा दुसऱ्या संध्याकाळी परत वाचायचा, असा नेम होता ना तुमचा? त्या दिवशी तुम्ही फक्त शब्दकोश दिलात, जेवलात आणि झोपलात. आईनेही विचारलं नाही. तुम्ही साहेबांना विचारलंत का, बाबा? मला खरंच जाणून घ्यायचंय. विचारलंत आणि त्यांनी उडवून लावलं, की टेबलापर्यंत जाऊन परत आलात? दोन्ही तुमच्या स्वभावात बसतं. ऑफिसच्या कोट्यातून कोपरखैरण्याचं हे घर मिळालं तेव्हा टेम्पोतून इकडे येताना आई वाटेतल्या मोकळ्या जमिनीकडे बघत बसली होती आणि तुम्ही ड्रायव्हरशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतात, एवढंच मला आठवतं.

त्याच खाडीकडच्या गावांतल्या तळवलीची एक मावशी आमच्या कोपऱ्यावर मासळी घेऊन बसते. तीस वर्षं मी तिच्याकडूनच घेते. जाण्याआधी तिला सांगावं असं मनाशी ठरवलं होतं, की त्या नोटिसा माझ्या वडिलांच्या हातच्या. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून आज सकाळी आधी शब्दच काढला. म्हटलं, "मावशी, घर सोडून दुसरीकडे राहायला जातात, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"पोरी जातान नवऱ्याचे घरा," ती बोंबील साफ करता करता म्हणाली. "बाकी कोन जातो? तुमी बिल्डिंगवालं जाता, उठसूट."

शेजारची कोळंबीवाली खिदळली. मी म्हटलं, "पण तुमची जमीन गेली ना?"

"शेत गेला. आमी नाय गेलो. गाव हाय तितंच हाय. शेतावर आजाचा खोपटा व्हता, तो मोडला. आजा रोज सकाली तितं जाऊन बसं. खोपटा नाय, भात नाय, तरी बसं. मंग तितं रस्ता झाला, तवा घरा बसला." तिने बोंबील पिशवीत टाकले. "कागद आलेला त्याला. मास्तरानी वाचून दाकवला. आजाला कय पन समाजला नाय."

पहिल्यांदाच, बाबा, मला आईनंतर तुमच्या मसुद्याचा दुसरा वाचक भेटला. सांगायची वेळ हीच होती. आणि तिनेच वाट करून दिली. वर बघून म्हणाली, "तुमी कशा आल्या गो हिकरं? बाबा कय करीत तुमचे?"

"ऑफिसात होते," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि दोन बोंबील वर घातले.