खोक्यातली सायकल

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी समुद्राकाठी भाड्याची सायकल. समोरून वारा, दातांत वाळू. गुडघा शहाण्यासारखा वागला. थर्मास घेऊन बसलेले एक कुवेती आजोबा हात वर करून ‘माशाल्ला’ म्हणाले. घरी असं कुणी म्हणत नाही.

स्वतःची सायकल आहे की. घडीची, हिरवी. माझ्या साठाव्या वाढदिवसाला अरविंदने आणली. “मी रिटायर झालो की इंग्लंड. आपल्या निखिलच्या घरापासून निघायचं आणि कालव्याकाठाने आठवडाभर फिरायचं, फक्त आपण दोघं.” तेव्हापासून ती खोक्यातच. “इथल्या खाऱ्या हवेत गंजेल गं. तिकडे गेल्यावरच काढू.”

एप्रिलअखेर तो रिटायर होतोय. कुवेतचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द; सालमियातलं घर बंद. मेमध्ये इंग्लंड, मग कायमचं पुणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आवराआवर सुरू. कपाटावर, पलंगाखाली, दारामागे खोकीच खोकी. डिनर सेट, मिक्सर, झुंबर. सगळं ‘परत गेल्यावर’. एवढी वर्षं टवके उडालेल्या ताटल्यांत जेवलो आणि चांगल्या ताटल्या पुण्यासाठी झोपवून ठेवल्या. इथल्या आपल्या सगळ्यांच्या घरात हेच. निखिलची आगगाडीसुद्धा अशीच ठेवली होती. खोकं उघडलं तेव्हा त्याला मिशी फुटली होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार
नकाशे पाहत दुपार गेली. निखिलचं घर वॉरिकला, कालवा तिथून अगदी जवळ. पहिल्या दिवशी हॅटनची लॉक्स चढायची, बोटींना वर चढवणारे पाण्याचे दरवाजे, जिन्यासारखे एकावर एक. मग श्रूलीचा बोगदा. पुढे स्ट्रॅटफर्डच्या कालव्याला लागायचं. तिथले छोटे पूल मधोमध चिरलेले आहेत, बोटीचा दोर त्या फटीतून जावा म्हणून.

हे सगळं मला शाळेपासून माहीत आहे. भूगोलाच्या सिस्टर ॲग्नेस. त्यांचे वडील तिकडे कालव्यावर लॉकचे दरवाजे सांभाळत. नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या अंगणात सिस्टरनी आम्हाला सायकल शिकवली, झगा गुडघ्यापर्यंत खोचून मागून धावत. म्हणायच्या, ती वाट माणसांसाठी नव्हतीच गं मुलींनो. घोड्यासाठी होती. घोडा काठाने चालायचा आणि मागून दोराने बोट ओढायचा. आता त्याच वाटेवर लोक मजेत सायकली चालवतात. आम्ही विचारलं, बोगद्यात काय करतात? बोगद्यात वाट नसते, सिस्टर म्हणाल्या. तिथे घोड्याला सोडतात. माणसं पायांनी भिंतीला रेटा देत बोट पुढे नेतात आणि घोडा टेकडीवरून पलीकडे जातो, मोकळा.

ती टेकडी मला बघायची आहे.

५ मार्च, बुधवार
दोघांचे व्हिसा आले!! अरविंदने जिलेबी आणली. वरच्या मजल्यावरच्या नसीमभाभी इफ्तारनंतर सांदणं घेऊन आल्या. रत्नागिरीच्या, म्हणजे बोलणं थांबायचं नाही. “काय वैनी, या वयात सायकल? पडलात तर गोरे उचलतील काय तुमाला?”
“उचलतील. सॉरी म्हणून उचलतील.”
“मग पडा बिनधास्त.”
खूप हसलो. झोपताना सिस्टरची आठवण. बातमी सांगायला हव्या होत्या.

२१ मार्च, शुक्रवार
निखिलचा व्हिडिओ कॉल. नातू, अर्णव, आता धरून उभा राहतो. स्क्रीनला पापी दिली, त्यानेही दिली. ओली, गोड. मग मी म्हटलं, लॉकजवळ एक खानावळ आहे, वर राहायला खोल्या आहेत, मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी त्यांना विचारू का?

“ममा, मेमध्ये रेवाची मॅटर्निटी लीव्ह संपते. नर्सरीत नोव्हेंबरपर्यंत जागा नाहीये. तू असशीलच, सो वी आर सॉर्टेड.”
“आणि आमची फेरी?”
हसला. “विथ अ बेबी? वीकेंडला बघू ना, ममा. एनीवे, बाबांशी जानेवारीतच बोललोय मी.”

जानेवारीत.

अरविंद समोर बसून संत्रं सोलत होता. मान वर केली नाही. एकेका फोडीच्या शिरा काढत राहिला.

नंतर कळलं. त्याचं तिकीट तीन आठवड्यांचं काढायचं ठरलंय, पुण्याच्या फ्लॅटचं रंगकाम आहे. माझं व्हिसा संपेपर्यंत.

२२ मार्च, शनिवार
“मला का नाही सांगितलंस?”
“सांगितलं असतं तर तोंड पाडून बसली असतीस.”
“आता काय करतेय?”
“आता व्हिसा आलाय.”

वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

मग नेहमीचं. नातू आहे तुझा, परका आहे का? सायकल काय पळून जातेय?

अर्णवला सांभाळायला मी नाही म्हटलं असतं का? आजवर कॅमेऱ्यातच पाहिलेला तो माझ्या मांडीवर झोपावा, एवढंच तर मागते देवाकडे. पण मला विचारायचं होतं. एकदा. मी हो म्हणणार हे ठाऊक असलं की विचारायची गरज उरत नाही, असं या घरात कधी ठरलं? मी तेव्हा कुठल्या खोलीत होते?

२७ मार्च, गुरुवार
इफ्तारनंतर नसीमभाभींना सांगितलं.
“मी लेकींची तीन बाळंतपणं काढली वैनी. दुबई काय, दोहा काय. बाहेरचं कायपण बघितलं नाय, निस्तं किचन. पण त्यांनी रडून बोलवलं होतं मला. तुमाला तर माल पाठवतात तसं पाठवतायत.”
पाणी पिऊन गेल्या. माझ्या डोक्यात मात्र ‘माल’ हाच शब्द.

११ एप्रिल, शुक्रवार
रविवारी कार्गोवाले येणार. अरविंद मार्करने खोक्यांवर पुणे, पुणे लिहीत घरभर फिरतोय. सायकलच्या खोक्यावरही लिहिलं.
“ती इंग्लंडला न्यायची होती.”
“तिकडे तुला वेळ कुठे मिळणार? पुण्यात चालव की.”
पुण्याच्या घरासमोरच्या त्या चौकात? चालायला भीती वाटते तिथे.

तो नमाजाच्या गर्दीआधी खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, दूध आणायला गेला. मी सुरी घेतली, टेप कापली.

टायर तडकलेले. इतक्या उन्हाळ्यांची ऊब खाऊन रबराचे पापुद्रे सुटत होते. मुठी चिकट, हात काळे झाले. सीटवर प्लास्टिक तसंच. गंज मात्र कुठेही नाही. अरविंदचं खरं ठरलं.

तो आला. बघितलं. “कशाला उघडलंस? आता परत पॅक करावं लागेल.”

रडले नाही. साबणाने हात धुतले. काळं जाईना.

१२ एप्रिल, शनिवार
टॅक्सीत घालून सायकल हवल्लीच्या दुकानात नेली. नवे टायर, ट्यूब, मुठी. अरविंदला वाटलं, विकायला नेली. वाटू दे.

१३ एप्रिल, रविवार
कार्गोवाले आले तेव्हा मी घरात नव्हते. समुद्राकाठी होते, हिरवीवर. सीटचं प्लास्टिक फाडून काढलं, वाऱ्यावर उडालं. मागे धावून पकडलं आणि कचऱ्यात टाकलं, कॉन्व्हेंटची मुलगी आहे शेवटी. छोटी चाकं, पण पळते. एका ठिकाणी हात सोडून पाहिला, एकच. तोंडात सिस्टरचं ‘लुक अहेड, गर्ल, नॉट डाउन’. खूप उशिरा आलीस गं, असं सायकलला म्हटलं. तिने मला तेच म्हणायला हवं.

परतले तर घर रिकामं, भिंतींवर खोक्यांच्या आकाराचे स्वच्छ चौकोन. सायकलच्या खोक्यात अरविंदने उशा भरून पाठवल्या. वर ‘सायकल, पुणे’ तसंच.
“जागा वाया कशाला घालवायची?” म्हणाला. मग हळूच, “बरी चालते का?”
“चालते.”
एवढंच बोलणं झालं दिवसभरात.

१८ एप्रिल, शुक्रवार
निखिलचा मेसेज : तिकीट आज करतोय, ममा. कन्फर्म?

अरविंद चहा घेऊन शेजारी बसला. “हो म्हणून टाक गं. पोरगं ताटकळलंय.”

चार वेळा लिहिलं, पुसलं. शेवटी मराठीतच पाठवलं. वाचायला वेळ लागतो त्याला, लागू दे. ‘मी आधी एकटी येते. विमानतळावर येऊ नकोस. पहिला आठवडा सायकलवर, कालव्याकाठी. तो संपला की तुझ्या दारात. मग अर्णव माझा. हे जमत असेल तर तिकीट कर.’

अरविंदने वाचलं. “आणि मी?”
“तुझं रंगकाम आहे ना.”
चहा तसाच ठेवून गॅलरीत गेला. पाठ वाकलेली दिसली. वाईट वाटलं. मेसेज मागे घेतला नाही.

मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटून दुपार झाली. उत्तर नाही. तिकडे अर्णवच्या जेवणाची वेळ.

मुलींनी सिस्टरना विचारलं होतं, टेकडीवर मोकळा सोडला तर घोडा पळून जात नाही? नाही, त्या म्हणाल्या, बोट कुठून बाहेर येणार हे त्याला ठाऊक असतं, तो तिथे जाऊन उभा राहतो.
दर वेळी? हे मात्र कुणी विचारलं नाही.