तळाचं पाणी

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो आता घरातल्या तिसऱ्या माणसासारखा झालाय, रोज सकाळी त्याची चौकशी करावीच लागते. दर रविवारी फोन होतोच, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तुझ्या सासऱ्याची गाडी कुठवर जाते ते तुला ठाऊक आहे. जेवलीस का, थंडी आहे का, बरं, ठेवतो. मागच्या खेपेला तू परत निघालीस तेव्हा बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तू मला विचारलंस, बाबा, तुम्हाला खरंच वाटतं का तो येईल? आणि मी काय म्हणालो, तर खिडकीकडची जागा धर. बस गेली. घरी येईपर्यंत मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज बसलोय. ते एका ओळीत मावेल, पण नुसती ती ओळ वाचून तू ती मानशील असं मला वाटत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

यंदा कचेरीत आम्हाला मान वर करायला सवड नाही. बंदर खात्याला नदीच्या मुखातली वाट खोल करायची आहे, मोठी जहाजं आत यावीत म्हणून. खणलेली वाट पुन्हा भरून गेली तर सगळं मुसळ केरात, तेव्हा आधी वाळू आणि गाळ येतो कुठून नि जातो कुठे ते शोधा, असा हुकूम आला. लाटा मोजायला तोच आपला पिवळा बोया बाहेर डोलतोय. शिवाय यंदा पहिल्यांदाच लोखंडी तिवईवर बसवलेलं एक यंत्र थेट तळाशी उतरवलं. तळापासून वरपर्यंत प्रत्येक थरातलं पाणी कुठल्या दिशेला नि किती जोरात चाललंय, ते हे यंत्र सांगतं. रोज बाटल्यांमधून गढूळ पाणी येतं, ते गाळायचं, वाळवायचं, आणि उरलेला चिमूटभर गाळ तोलायचा. हे काम अजून आपल्या सोनारीणबाईंकडेच आहे. तिला हे नाव तूच दिलं होतंस, चिखल सोन्यासारखा तोलते म्हणून. ती तुझी आठवण काढते. साहेब नवा आहे, वयाने लहान, पण माणूस बरा आहे. मला बोटीत चढताना हात देतो आणि दिला नसल्यासारखं दाखवतो.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण आपण दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधी बोललोच नाही. बोयाची साखळी तुटत आली होती. तांडेल, खलाशी आणि तो असे तिघे छोटी बोट घेऊन मुखापलीकडे गेले. वाळूच्या दांड्याजवळ ओहोटीचं पाणी नि बाहेरची लाट समोरासमोर येतात, तिथे बोट उलटली. तांडेल आणि खलाशी तरंगत राहिले, त्यांना उचलता आलं. त्याने लाइफ जॅकेट काढून बोटीत ठेवलं होतं. जॅकेट घालून बोयाच्या खाली हात पोचत नाही, त्यामुळे आमच्या कामात सगळेच काढतात, मीही उमेदीत काढायचो. पायात गमबूट, कमरेला पान्ह्यांचा पट्टा. मी त्याला थट्टेने चिरंजीव म्हणायचो, आठवतं? चिरंजीव आले का, चिरंजीव जेवले का. तो शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

शोध कुठे घ्यायचा ते आमच्याच नकाशाने ठरवलं. वर्षानुवर्षं आम्ही पाण्यावर तरंगक सोडून बघत आलो, आणि ओहोटीला सोडलेला प्रत्येक तरंगक मुखातून बाहेर पडून उत्तरेला वळतो नि त्या लांब किनाऱ्याला लागतो. म्हणून सगळ्या बोटी, पोलीस, गावातले लोक तिकडे गेले. तिकडे काहीच सापडलं नाही. गमबूटसुद्धा नाही. आणि इथेच घोळ झाला, खारूताई. गेला असता तर त्या किनाऱ्याला लागला असता, ज्या अर्थी लागला नाही त्या अर्थी गेला नाही, असा हिशोब तुझ्या सासूबाईंनी मांडला. कुठल्या तरी बोटीने उचललं असेल, डोक्याला मार लागला असेल, नाव-गाव विसरला असेल. मी तो हिशोब खोडला नाही. खोडायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा आधार होता. तू तर नोकरीला परगावी गेलीस ती सुद्धा आमची परवानगी काढून, आणि दोन खोल्यांची जागा घेतलीस, तो आला तर अडचण नको म्हणून.

आई आत्ताआत्तापर्यंत त्या किनाऱ्यावर जायची. भाजी आणायला चालले म्हणायची आणि पिशवी घेऊन निघायची, भाजीबाजार बरोबर उलट्या बाजूला आहे. परत यायची ती चपलांत वाळू आणि पिशवीत कोपऱ्यावरच्या दुकानातले शिळे दोडके घेऊन. मी ते दोडके मुकाट्याने खायचो, आणि दोडका मला किती आवडतो ते तुला ठाऊक आहेच. दात घासायचे ब्रश ती अजून चाराच्या पाकिटातले आणते. दोन आमचे, एक तुझा, एक त्याचा. चौघांचे एकदम बदलते. न वापरलेला ब्रश फेकताना मी तिच्याकडे बघत नाही.

यंदा तळावरून सरपटणाऱ्या वस्तू सोडायच्या ठरल्या. लहान मुलाच्या छत्रीएवढं प्लास्टिकचं टोपरं आणि खाली वजन लावलेली काडी, असा तो प्रकार. तांडेल त्यांना छत्र्याच म्हणतो. त्या तरंगत नाहीत. बुडतात आणि तळाचं पाणी नेईल तिकडे घसटत जातात. प्रत्येकीवर कचेरीचा पत्ता आणि सापडल्यास आणून द्यावी अशी विनंती. जिथे बोट उलटली होती तिथेच त्या सोडायच्या होत्या, कारण खणायचं त्याच्या शेजारी आहे. साहेबाने मला घरी राहायला सांगून पाहिलं. मी गेलो. एकेक छत्री माझ्या हाताने पाण्यात सोडली. ती उघडायची, जरा डोलायची, आणि मग खाली खाली जाऊन दिसेनाशी व्हायची.

उत्तरेच्या किनाऱ्यावरून एकही छत्री आली नाही. पहिली आली ती बर्फाच्या कारखान्यामागून, जिथे नदी आत वळण घेते. एक जाळी विणणारा घेऊन आला, काय टाकता हो नदीत म्हणून आधी आमच्यावरच डाफरला. मग त्याच वळणावरून वीटभट्टीवरच्या बाईने दोन आणल्या. मग शाळेतल्या पोरांची टोळी, चिखलाने माखलेली. मला वाटलं कोणी तरी आमची चेष्टा करतंय. आठवड्याभराने तळाचं यंत्र वर काढलं आणि साहेबाने त्यातली आकडेवारी पडद्यावर मांडली. वरच्या थराचे सगळे बाण समुद्राकडे. तळाच्या थराचे आत, नदीकडे. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून बाहेर जातं. समुद्राचं खारं पाणी जड, ते त्याच्या पोटाखालून आत शिरतं. पुष्कळ नद्यांत असं होतं, पण आपल्या नदीला एवढा जोर आहे की खारं पाणी तळाशी टिकतच नाही, असं कचेरीतले सगळे धरून चालले होते. तळ कोणी मोजलाच नव्हता. बोटी वर चालतात ना. बर्फाच्या कारखान्यामागे ही दोन पाणी थकून थांबतात, आणि अंगावरचा गाळ तिथेच टाकतात. थरावर थर. सोनारीणबाईने तिथल्या बाटलीतला गाळ तोलला, काट्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघून चष्मा पुसत बसली.

तर हे तुझं उत्तर. तो येणार नाही. त्या दिवशी तो बुडाला, आणि तळाच्या पाण्याने त्याला आत आणलं. आपण बाहेर शोधत राहिलो आणि तो इथे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गाळाखाली आहे. त्या वळणाला कोणी खणणार नाही, तेही मी विचारून घेतलंय. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच, पण अर्थ तोच निघेल.

आईला कसं सांगायचं या विचारात मी दोन दिवस घरात चोरासारखा वावरलो. शेवटी ती दुपारी चादरींच्या घड्या घालत होती तेव्हा दुसरं टोक धरायला गेलो आणि टोक हातात धरूनच सगळं सांगितलं. वाटलं होतं, आकाशपाताळ एक करेल. तिने चादरीची घडी पूर्ण केली, माझ्या हातातलं टोकही काढून घेतलं. मग एवढंच विचारलं, खालचं पाणी आत येतं म्हणजे घराच्या बाजूला येतं ना? मी हो म्हणालो. म्हणजे तो घराकडेच येत होता, असं ती म्हणाली. पाण्याला घर कळत नाही, पण मी पुन्हा हो म्हणालो, आणि ते मला खोटं वाटलं नाही. मग ती रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चादरीत तोंड खुपसून, लहान मुलीसारखी. मीही रडलो, कशाला लपवू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या वळणावर जाऊन बसलो. तिथे बसण्यासारखं काही नाही, चिखल आहे आणि अमोनियाचा वास. एवढी वर्षं मी भलत्याच किनाऱ्यावर चालत होते हो, असं ती म्हणाली. माझ्यावर रागावली मात्र नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना ती म्हणाली, पोरीला लिहा. मी म्हटलं, लिहितो, सगळं सविस्तर लिहितो. तर रस्त्यात थांबून कमरेवर हात ठेवून म्हणते, नुसतं पाण्याचं नका लिहू, त्या एक्सरेवाल्याचंही लिहा. मी चाटच पडलो. मला वाटत होतं ते फक्त मलाच कळलंय. डोळ्याच्या ऑपरेशनला मी तुझ्याकडे होतो, तेव्हा तुझ्या दवाखान्यातल्या त्या एक्सरेवाल्याने मला चहा आणून दिला, मी न सांगताच त्याने त्यात साखर अर्धाच चमचा घातली, आणि आईंचा गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. जो माणूस तुझ्याकडून आमचं एवढं ऐकून घेतो, तो कोण ते कळायला दोन्ही डोळे लागत नाहीत. आईला मात्र फोनवरच कळलं होतं. पूर्वी दर रविवारी तू त्याचं काहीबाही सांगायचीस, आणि एका रविवारपासून त्याचं नाव घेणंच बंद केलंस. आम्ही हे एकमेकांपासून लपवलं, तू आम्हा दोघांपासून लपवलंस, आणि तो बिचारा कोणाची वाट बघत थांबला असेल ते त्यालाच माहीत. आता थांबू नका. तुला आईवडील नाहीत, मामा असून नसल्यासारखा, म्हणून लग्नाचं बोलायचं कोणाशी असं त्याने विचारलं तर त्याला आमचा पत्ता दे. दिवस ठरला की कळव. आम्ही दोघं आदल्या दिवशीच येऊ, आणि मुलीकडचे म्हणून येऊ.

तुझाच,
बाबा