मोनिकाचा दहावीचा फॉर्म

हर्सूल, संभाजीनगर

बाबा, सविनय जयभीम.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. अजिंठ्यात थंडी पडली असेल. तुम्हाला अजून दम लागतो का?

कोरोनात शाळा सुटलेल्या मुलींना मी दहावीसाठी शिकवते. त्यांतली मोनिका तेव्हा आठवीत होती. शाळा बंद पडली आणि पुढं घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. आता कडेवर मुलगी आहे. मागं ती चार दिवस आलीच नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. दारात सासू लक्ष्मीबाई होत्या. "नात लई रडती. कसं यावं हिनं?" एवढंच म्हणाल्या.

सोमवारी त्या स्वतः नातीला घेऊन आल्या आणि वर्गाच्या पायरीवर बसल्या. "तुम्ही शिकवा. हिला मी सांभाळते. एकदा बंद पडली शाळा, आता नाय पडू द्यायची."

काल मोनिकानं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. ती पास होणार, बघाच.

आई कोरोनात गेली तेव्हा मीही घरी बसणार होते. तुम्ही बसू दिलं नाही, स्वतः भाकरी थापायला शिकलात. हे मी लक्ष्मीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग एकदा आणा बाबांना. आमच्या गड्यांना शिकवू द्या."

तुमची,
करुणा