बाबा आणि ती मसाल्याची गाडी

८ जानेवारी, बुधवार

बाबा जेवले नाहीत! "पोट भरलं," म्हणाले. कुठे भरलं? तर सायन्स कोर मैदानावर. कुठल्याशा मसाला कंपनीची गाडी आली आहे — 'अख्खं वऱ्हाड एकाच गाडीत'. फुकट चाखा, जाताना मसाल्याची पुडी घेऊन जा. मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे चढवून घरी आले, वांग्याची भाजी टाकली, भाकरी थापल्या आणि हे बाहेरून ढेकर देत आलेले.

"पार्वताबाई म्हणून बाई हाय, चांदूर बाजारची. पिऊ, काय पातोडीचा रस्सा करते व! एकदा जाऊन पाय."

आई गेल्यापासून मीच करून घालते. माझ्या एकाही भाजीला या माणसाने 'काय भाजी केली व!' म्हटलेलं नाही. आईच्याही भाजीला म्हटलं नव्हतं. एस.टी.त कंडक्टरकी केली, त्यात यांचे सगळे शब्द संपले, असं ती म्हणायची. संपले कुठे? चांदूर बाजारच्या बाईसाठी राखून ठेवलेले दिसतात.

९ जानेवारी

आज पुन्हा! आणि सोबत स्टीलचा डबा!! फुकटच्या ठिकाणी डबा घेऊन कोणी जातं का?

शेजारच्या इंदूबाई फाटकातूनच ओरडल्या, "काय व प्रियदर्शनी, तुह्या बाबाले नवीन खानावळ भेटली म्हणते!" त्या हसल्या, मीही हसले. मग आत येऊन कणकेवर राग काढला. पोळ्या चांगल्या मऊ झाल्या, पण खायला कोण होतं?

११ जानेवारी

अकोल्याहून ललितचा फोन. त्याचं नेहमीचं — "माही आई विचारून राहिली, यंदा तरी लग्नाचं ठरवायचं का?" माझंही नेहमीचं — "बाबांना करून कोण घालेल?" मग म्हणतो, "पार्वताबाई!"

गाडीचं त्याला गंमत म्हणून सांगितलं होतं. चूक झाली. फोन कापला.

१२ जानेवारी, रविवार

गेले. शेवटी गेलेच.

तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. अमरावतीत अर्ध्या पोरी अशाच फिरतात, कोण ओळखतं! रांगेत उभी राहून सगळं चाखलं. शेंदूरजनाघाटची संत्रा बर्फी — ठीक. चिखलदऱ्याची कॉफी — कडू, मला आवडली नाही आणि आवडायचीही नव्हती. सांभारवडी — कोथिंबीर भरलेली, मस्त कुरकुरीत. आणि मग बेसनाच्या वड्यांचा तो पातोडीचा रस्सा. खोट काढायलाच गेले होते मी. मीठ बघितलं, तिखट बघितलं, वरची तर्री बघितली. काही सापडेना! द्रोण चाटून पुसून खाल्ला, मेला.

ती बाई साठीची. ठेंगणी, हिरवं पातळ, आवाज खणखणीत. सगळ्यांना "खा व माय, लाजू नोको" करत होती. आणि तिच्या बाजूला खुर्ची टाकून कोण बसलेलं? बाबा. लसूण सोलत! घरी हा माणूस प्यायलेला ग्लास जागचा हलवत नाही. आणि हसत होते. दात दिसेपर्यंत.

मला हेवा वाटतो. लिहून टाकलं. एका म्हाताऱ्या बाईचा हेवा वाटतो. तिच्या लसणाचासुद्धा.

घरी आल्यावर राहवलंच नाही. "बाबा, माह्या हातचं तुमाले गोड लागत नाई काय?" म्हणाले, "कोण म्हणते?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१३ जानेवारी

फडताळात पुड्याच पुड्या. सगळ्या कचऱ्यात टाकल्या. मग एक उचलून परत ठेवली. वास चांगला होता.

१६ जानेवारी

गाडी गेली! अकोल्याला गेली म्हणे. जाऊ दे, कुठे का जाईना.

आनंदाने पातोडी केली. चवीला चार मसाले घातले, आईच्या फोटोपुढे नैवेद्यासारखी वाटी ठेवली. (ती असती तर हसली असती — आपल्या घरी देव्हाराच नाही, कुठला आला नैवेद्य!) बाबा जेवले. मी समोर बसून तोंडाकडे बघत.

"ओवा टाकला काय?"

"टाकला."

"हं."

झालं. एवढंच! हात धुता धुता वर म्हणतात, "मी उद्या अकोल्याले जातो. गाडीवर मदतीले माणूस पायजे त्यायले. राह्याची सोय हाय."

म्हणजे आता तिच्या मागे मागे गावोगाव! मी भांडी घासायला घेतली. माझ्याऐवजी तीच बोलली.

१७ जानेवारी

एका माणसापुरता कुकर कसा लावतात?

१९ जानेवारी, रविवार

अकोल्याला जाऊन आले. ललितला सांगितलं नाही. पुन्हा स्कार्फ, पुन्हा गॉगल.

नेहरू पार्कजवळ गाडी उभी. बाबा वर चढलेले, डोक्यावर कंपनीची लाल टोपी. "पुढे सरका, पुढे सरका! मागच्यायले बी चाखू द्या!" — तोच एस.टी.तला आवाज. लोक खूश. बाई मागे पातोड्या पाडत होती, तिचं यांच्याकडे लक्षही नव्हतं.

माझा नंबर आला. आवाज बारीक केला. म्हटलं, "काका, तुमी इथलेच का?"

"नाई. अमरावतीचा."

"घरी करून घालणारं कोणी नाई का?"

रस्सा वाढता वाढता म्हणाले, "पोरगी हाय ना. पातोडीत ओवा जास्त टाकते, पण वांग्याच्या भाजीत तिच्या मायचा हात हाय."

"मंग इथं काहून येऊन राहिले?"

पळी तशीच हातात धरून थांबले. "मी घरी जेवत राहिलो तं पोरगी जन्मभर मले वाढतच राहीन. याच गावात एक चांगलं पोट्टं तिची वाट पाहून राहिलं. मले सांगत नाई, पण मले काय समजत नाई का? मंग म्हटलं, आपणच ताटावरून उठावं. बसली घरात माह्यावर चिडून. चिडू दे." मग एकदम, "चला बाई, पुढे सरका."

सरकले. गुलमोहराखाली उभी राहून द्रोण खाल्ला. स्कार्फ ओला झाला तो रस्सा तिखट होता म्हणून, असं समजू.

एस.टी.त बसून एकच डोक्यात — बाबा त्या स्कार्फवाल्या पोरीशी किती बोलले! माझ्याशी कधी एवढं बोलले? मला आता तिचाच हेवा वाटतोय.

२० जानेवारी

सकाळीच बाबांचा फोन. पोचली का, जेवली का, काही नाही. एकदम, "काल दुसरा द्रोण मांगाले लाजली काहून व पिऊ?"

म्हटलं, "तुमी तिकडं हायच, तं ललितच्या आईले भेटून या."