मुळात होती तशी

१२ मार्च १९९४

पोचलो एकदाचे. कपाट आत घेताना ट्रकवाल्याने दाराच्या चौकटीचा टवका काढला, पण आज मला कुणाचा राग येत नाहीये. उभा जन्म हल शहरात बस चालवली, दुसऱ्यांना समुद्रावर नेऊन सोडलं आणि रिकाम्या बसने परत आलो. आता स्वतःचा बैठा बंगला आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, आणि इथे स्केलथॉर्पला वारा असा की टोपीला दोन्ही हातांनी धरून चालावं.

बेरिलने सगळ्यांत आधी लॉर्नाचा फोटो काढून फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवला. मग लॉर्नाचा कप, निळ्या बदकाचा. मग आमचा चहा. आमच्याकडे क्रम हाच. लॉर्ना आमची एकुलती एक. नऊ वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. त्यानंतर बेरिल हसलीच नाही असं नाही, पण ते पाहुण्यांपुरतं. माझ्याशी ती भांडत नाही, हेच माझं दुःख. भांड्याला भांडं लागलं तर आवाज तरी होतो.

आणि मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली, एक जुनी कॅरव्हॅन, मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. बंगल्यात आधी स्टॅन्ली आणि एनिड रॅग हे जोडपं राहायचं. दोघं एकाच आठवड्यात गेली. पुतण्याने बंगला विकला आणि म्हणाला, ती भानगडही तुम्हीच ठेवून घ्या, ओढून न्यायला माझ्याकडे वेळ नाही. पदरी पडलं, पवित्र झालं. बावन्न सालची आहे. पत्रा शाबूत, आतलं लाकूड नखाने दाबलं तर केकसारखं हातात येतं. मी उन्हाळ्यापर्यंत ती उभी करतो, असं बेरिलला सांगितलं. ती म्हणाली, तुला खिळा ठोकायला दिला तर तू बोट ठोकशील.

टोमणा का होईना, मारला. बरं वाटलं.

२० मार्च

शेजारी नॉर्मन ब्लेंकिन हा कॅरव्हॅनच्या कारखान्यातून निवृत्त झालेला गडी. कुंपणावरून मान काढून माझं काम बघतो आणि पानभर चुका सांगतो. मी सुतारकाम वाचनालयातल्या पुस्तकांवरून आणि लाकडाची नासाडी करून शिकलो, त्यामुळे ऐकून घेतो. त्याने पहिला धडा दिला तो असा: कुजलेली फळी फेकायची नाही. ती नव्या फळीवर ठेवायची, कडेने पेन्सिल फिरवायची आणि तस्साच तुकडा कापायचा. मेलेल्याकडून जिवंताचं माप घ्यायचं, गड्या, असं म्हणून तो स्वतःच हसला.

दुसरा धडा असा की सगळं मूळचं हवं. या जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसांना नवा स्क्रू दिसला तरी ठेच लागते. रॅग मंडळींचं सामान चर्चच्या हॉलमधल्या विक्रीत गावभर गेलं. किटली एकीकडे, पडदे दुसरीकडे, दिवा तिसरीकडे. नॉर्मनला कुणाकडे काय ते तोंडपाठ आहे. म्हणजे आता मी घरोघर फिरणार. फिरतीची सवय आहेच.

६ एप्रिल

डावी भिंत उभी राहिली. सांगाड्यात नवं देवदार, वर प्लायवूड, आणि व्हार्निशचा वास असा की पाव खाल्ला तरी व्हार्निशच लागतो.

आज बेरिल पहिल्यांदा आत आली. चुलीशेजारी कप अडकवायचे दोन पितळी हूक आहेत. तिने विचारलं, तिसरा लावशील का, लॉर्नाच्या कपासाठी. मी लावलाही. तर नॉर्मनने तोंड वाकडं केलं. म्हणाला, मुळात दोनच होते, तिसऱ्याने सगळी शोभा जाईल. कौतुकाची हाव वाईट. मी तो काढला, भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून वर रंग दिला. नॉर्मन म्हणाला, आता कळतसुद्धा नाही.

बेरिल कप उचलून घरात घेऊन गेली.

२१ एप्रिल

पोस्टाच्या बाईंकडून किटली मिळाली. हिरव्या एनॅमलची, तोटीजवळ टवका उडालेली. कॅरव्हॅनच्या चुलीवर ठेवली तर तिच्या बुडाचा काळा गोल जुन्या डागावर अचूक बसला. जीव सुखावला.

पहिला चहा बेरिलने केला. तिने स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घातली. लग्नापासून तिला गोड चहा चालत नाही. विचारलं तर म्हणाली, आज खावीशी वाटली, तुझ्या बापाच्या दुकानातली आहे का?

मी मनापासून हसलो.

८ मे

पडदे मिळाले. पिवळ्या चौकड्यांचे, चर्चजवळच्या म्हातारीने कोंबड्यांच्या खुराड्याला लावले होते. तीनदा धुतले. बेरिल दुपारी तिथेच बाकावर झोपली आणि उठली ती गालांवर लाली घेऊन. मला जवळ बसवलं. म्हणाली, आठवतं का, तळ्याकाठी चाक चिखलात रुतलं होतं आणि तू बूट हातात घेऊन शेतकऱ्याकडे गेला होतास, आणि कुत्रं मागे लागलं. सांगता सांगता तिला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

आम्ही कुठल्या तळ्यावर कधी गेलो नाही. पण इतक्या वर्षांनी बायको हसत होती. मी म्हणालो, आठवतं तर, अजून घोटा दुखतो.

२९ मे

नॉर्मनने त्याच्याकडचा गॅसचा दिवा दिला. आता आत सगळं मूळचं. तो येऊन बघून गेला, हूकवरच्या दोन कपांना बोट लावून म्हणाला, तंतोतंत. तेवढ्यात बेरिल एप्रनला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, नॉर्मन, बूट काढ, मागच्या वेळी तू माझी चटई घाण केली होतीस.

नॉर्मनचा चेहरा पडला. बूट काढायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

५ जून

बेरिल फायरप्लेसपाशी उभी होती. लॉर्नाचा फोटो हातात. तिने तो मला दाखवून विचारलं, ही गोड पोरगी कुणाची, नॉर्मनची नात का?

मी म्हणालो, अगं, लॉर्ना. आपली लॉर्ना.

ती जराशी हसली, थट्टा कळली नाही तरी माणूस हसतो तशी. आणि फोटो पालथा ठेवून केक बघायला गेली.

९ जून

डॉक्टरांकडे नेली. तारीख, वार, उलटे आकडे, सगळं बिनचूक. डॉक्टर म्हणाले, या वयात असं थोडं होतं. मी म्हणालो, विसरली असती तर मी समजलो असतो. ही विसरली नाही, हिला दुसरंच आठवतंय. त्यांनी माझाच रक्तदाब बघितला.

मग नॉर्मनला गाठलं. त्याला सांगायचं नव्हतं. तळं खरं होतं म्हणाला. चिखल, बूट, कुत्रं, सगळं. स्टॅन्ली दर नाताळात तो किस्सा सांगायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. एनिडला नकोच होतं. ती सगळ्यांना सांगायची, आमच्या गाडीत हूकच दोन आहेत.

मी नॉर्मनला विचारलं, मग तिसरा काढायला का लावलास. तो म्हणाला, मला काय ठाऊक, गड्या, मी शोभेचं बोललो.

तो शोभेचं बोलला. काढला मी.

११ जून

तिसरा हूक परत लावला. बदकाचा कप अडकवला.

संध्याकाळी बघतो तर हूक नाही. भोकात लांबी, वर रंग. माझ्यापेक्षा सफाईने. कप अंगणात गवतावर पालथा. बेरिलला विचारलं तर म्हणाली, कुणा पोराचा राहिला असेल, मालक आला की देऊ.

१५ जून

किटली, पडदे, दिवा, सगळं काढून गॅरेजमध्ये कोंबलं. म्हटलं, गेलेली आपली बेरिल परत येईल.

नाही आली.

१८ जून

एनिड गेली, पण बेरिल आली नाही. खुर्चीत बसलेली एक बाई आहे. डोळे उघडे. चमचा ओठांना लावला तर तोंड उघडत नाही. लॉर्ना म्हटलं, काही नाही. माझं नाव घेतलं, क्लिफर्ड म्हटलं, तरी काही नाही. तिच्या आत मी काहीच ठेवलं नाही. कुजलेलं आधीच काढून झालं होतं, आता चांगलंही काढलं. राहिला तो नुसता पत्रा.

नॉर्मन म्हणतो, जाळून टाक. पण ती खुर्चीतून उठून दिवसभर कॅरव्हॅनच्या पायरीवर जाऊन बसते.

२० जून

ती पाणीसुद्धा घेईना. सगळं परत लावलं. मी काय करणार होतो? किटलीला वाफ आली तशी तिने मान वर केली आणि म्हणाली, किती वाळलास रे, स्टॅन्ली.

१ जुलै

ती घरात येत नाही. खाते तिथेच, आणि मी शेजारी बसलो तरच. मी बसतो. माणसाने उपाशी मरू नये.

तिचा हात माझ्या गुडघ्यावर असतो. लॉर्ना गेली त्या दिवसापासून तो तिथे नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण मला ते हवं आहे. मी रोज जरा जास्त वेळ बसतो.

आज म्हणाली, बरं झालं आपण पोरंबाळं होऊ दिली नाहीत. माणूस त्यांच्यामागे झिजून जातो.

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

९ जुलै

लॉर्नाच्या शाळेचं नाव आठवेना. माझ्याच बसच्या वाटेवर होती. फाटक हिरवं होतं की —

आता तिची आठवण ठेवणारा मी एकटाच उरलो. म्हणून लिहितो. पिवळा रेनकोट. हनुवटीवर वण, झोपाळ्यावरून पडली तेव्हाचा. पुढचा दात पडलेला. बसमध्ये माझ्यामागच्या सीटवर बसून प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने सांगायची. लोक म्हणायचे, ड्रायव्हर, तुमची कंडक्टर भारी आहे.

१६ जुलै

तळं आठवलं. चिखल गार होता. कुत्र्याला एक कान नव्हता. हे तिने मला सांगितलेलं नाही.

१९ जुलै

रॉकेल आणलं. कॅरव्हॅनपाशी गेलो. ती आत बाकावर, भरतकाम करत. बाहेर ये म्हणालो. ती म्हणाली, तूच आत ये, दार लाव, वारा येतो.

दार लावलं.

आतून.

२५ जुलै

नॉर्मन कुंपणापाशी आला होता. त्याने हाक मारली, क्लिफर्ड. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. तो रडायला लागला. म्हातारा झालाय बिचारा.

२ ऑगस्ट

घरात आलो, का ते — हो. फळीवर एक फोटो पालथा होता. सुलटा केला. रेनकोट घातलेली पोरगी. दात पडलाय. मी बराच वेळ बघितलं.

ही वही उघडली. मागची पानं वाचली. नाव सापडलं. लॉर्ना. बसवरच्या पाटीवरचं गाव वाचावं, तसं वाचलं. आत काही हललं नाही.

माझी मुलगी. माझी. एकदा रडू आलं तरी पुरे.

४ ऑगस्ट

बाहेर ऊन आहे. ती हाक मारते आहे. चहा तयार आहे म्हणते. आवाज किती गोड, लग्नाच्या पहिल्या वर्षी असतो तसा.

जाईन. पण आधी हे नाव लिहून बघतो. लिहिता लिहिता कदाचित आत कुठे तरी —

लॉर्ना. लॉर्ना.

आलो गं, आलोच, ओत तू.

लॉर्ना. लॉर्ना. लॉर्